आपण म्हणजे कोण

आमचे साहेब 'मी' म्हणायचे नाहीत आणि 'तुम्ही'ही म्हणायचे नाहीत. जे काही असेल ते 'आपण'. आपण आज ट्रे वेळेत भरू. आपण कँटीनच्या भाजीचं काहीतरी करायला हवं. आपल्याकडून ही स्प्रिंग उलटी बसली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, नवा माणूस आहे, मुंबईच्या ऑफिसातून आलाय, चार दिवसांत येईल ताळ्यावर. माझा माणसांवर चटकन विश्वास बसत नाही. तेव्हाही बसत नव्हता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांची. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत विजेचे स्विच बनवणारी आमची कंपनी होती. बारावीनंतर आयटीआय करून मी तिथे असेंब्लीला लागले होते. असेंब्लीच्या लाइनवर सगळ्या बायकाच. बायकांची बोटं बारीक असतात, लहान स्प्रिंगा त्यांच्याकडून नीट बसतात, असं कंपनी सांगायची. बायका युनियनच्या भानगडीत फारशा पडत नाहीत, हे खरं कारण होतं, पण ते कोणी सांगायचं नाही. आम्ही एका लांबलचक टेबलाशी स्टुलांवर बसायचो. पुढ्यातून ट्रे सरकायचा, आपापला भाग बसवायचा आणि पुढे ढकलायचा. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं बधिर व्हायची. घरी जाऊन चहाचा कप उचलला तरी गरम आहे की गार, ते ओठांना लागेपर्यंत कळायचं नाही.

या साहेबांच्या आधीचे जे होते ते काचेच्या केबिनमधून बाहेर यायचेच नाहीत. आले की दारातूनच 'ए लेडीज' असं ओरडायचे. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्यामुळे हे नवे साहेब रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना लाइनच्या टोकाशी येऊन उभे राहायला लागले आणि दोन शब्द बोलायला लागले, तेव्हा बायका खाली मान घालून हसू दाबायच्या.

माझ्या शेजारच्या स्टुलावर देवळ्याची बसायची. देवळ्याकडची म्हणून तिला सगळे देवळ्याचीच म्हणत. तिचं तोंड कोणापुढे बंद राहत नसे. एका सकाळी साहेब म्हणाले, "आपण या महिन्यात ट्रे वाढवू या," तेव्हा ही स्टुलावरूनच म्हणाली, "आपन म्हंजे कोन, साहेब? ट्रे तर आम्ही भरतो."

मी तिच्या पायाला पाय लावला. आधीचे साहेब असते तर तिला त्या दिवशी घरी पाठवलं असतं.

साहेब तिच्याकडे वळले. म्हणाले, "ट्रे कमी भरले की मुंबईच्या शिव्या कोणाला बसतात?"

"तुम्हाला."

"आणि ट्रे कोण भरतं?"

"आम्ही."

"मग दोन्ही मिळवा."

बायका खो खो हसल्या. देवळ्याचीही हसली. त्या दिवसापासून लाइनवर तो खेळच झाला. पाण्याची बाटली कोणी भरायची? आपण. म्हणजे कोण? तू भर, मी पिते, दोन्ही मिळव. मी मात्र महिनाभर वाट पाहिली. गोड बोलणारे साहेब मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते.

माझं मत बदललं ते माल परत आला तेव्हा. एका गिऱ्हाइकाकडून स्विचचा अख्खा लॉट परत आला. आतल्या स्प्रिंगा सैल बसल्या होत्या. मुंबईहून कंपनीचे मोठे लोक गाडी करून आले आणि सरळ लाइनवरच उभे राहिले. कोणती लाइन, कोणता दिवस, स्प्रिंग कोण बसवतं, असं एकेक विचारायला लागले. स्प्रिंग त्या आठवड्यात देवळ्याची बसवत होती. तिचा मुलगा सिव्हिल हॉस्पिटलात होता, रात्रभर ती तिथे बसून सकाळी कामावर येत होती. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनाही. ती माझ्या शेजारी बसून हातातला ट्रे उगाच पुसत होती.

साहेब म्हणाले, "चूक आपली आहे."

मुंबईचा माणूस म्हणाला, "आपली म्हणजे नेमकी कोणाची?"

"आपली म्हणजे या कारखान्याची. इथे एकटं कोणी काम करत नाही. तपासणीतूनही माल पास झालाय, माझ्या सहीनेच बाहेर गेलाय."

आणखी बराच वेळ विचारपूस झाली, पण साहेबांनी नाव काही सांगितलं नाही. ते लोक गेल्यावर देवळ्याची बाथरूममध्ये जाऊन रडली. तो परत आलेला लॉट आम्ही सुट्टीच्या दिवशी येऊन उघडला आणि पुन्हा बांधला. कोणी या म्हणून सांगितलं नव्हतं. आपापले डबे घेऊन सगळ्या आल्या होत्या, आणि साहेबही शेवटपर्यंत थांबले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. या आठवणीत मला आतून काही जाणवलं अशी जी थोडी ठिकाणं आहेत त्यातलं ते एक.

पुढे साहेबांनी मला लाइन लीडर केलं. तोवर लीडर पुरुषच असत. बायकांच्या लाइनवर बाई लीडर, ही गोष्ट ऐकून बाकीच्या सुपरवायझरांची तोंडं आंबट झाली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून फार काही शिकवलं नाही. एवढंच म्हणाले, "काम चांगलं झालं की तुमचं म्हणायचं, बिघडलं की आपलं म्हणायचं. बाकी आपण शिकत जाऊ."

तसं म्हणायला मी शिकले. काही दिवसांनी घरीही तोंडात 'आपण' यायला लागला. माझे मिस्टर महापालिकेच्या शाळेत मास्तर, त्यांना शब्दांची चिरफाड करायला आवडते. एक दिवस म्हणाले, "तू 'आपण भाजी आणू या' म्हणालीस की पिशवी माझ्या हातात येते. तुझ्या साहेबांचंही असंच आहे का?" मी म्हटलं, "साहेब स्वतः पिशवी धरतात." ते म्हणाले, "असं का? मग लाव वशिला, मला तुमच्या कंपनीत घ्या."

लीडर म्हणून माझं काम काय होतं, हे आज सांगायला बसले तर हसू येईल. कोणाचा उपास आहे, कोणाच्या सासूबाई आजारी आहेत, कोण कोणाशी बोलत नाही, हे लक्षात ठेवायचं. दोन भांडलेल्या बायका शेजारी बसवायच्या नाहीत, बसवल्या तर मध्ये देवळ्याचीला बसवायचं, म्हणजे त्या दोघी मिळून तिच्यावर वैतागतात. स्प्रिंगेच्या जागेवर कोणाला सलग ठेवायचं नाही, आळीपाळीने बसवायचं, म्हणजे एकीचीच बोटं मरत नाहीत. दिवस गेलेल्या बाईला पाठ असलेली खुर्ची मिळवून द्यायची. स्टोअरवाल्याशी त्या खुर्चीसाठी मी आठवडाभर भांडले होते. आमची लाइन चांगली चालायची. मला तिचा अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

एकदा कंपनीने लीडर लोकांना गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं. टाय घातलेला एक माणूस आला. त्याने आम्हाला कागद वाटले आणि जहाज काढायला सांगितलं. लीडर म्हणजे जहाजाचा कप्तान, संस्था म्हणजे जहाज, बाजार म्हणजे समुद्र. त्या खोलीत मी एकटीच बाई. त्याने मुद्दाम मला उठवून विचारलं, "मॅडम, वादळ आलं तर तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, "सर, आमच्या गोदावरीला उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असतं. आम्ही उतरून चालत जाऊ." सगळे हसले, तोही हसला. जेवण मात्र चांगलं होतं. पापडही मसाल्याचा होता.

दोन हजार साल उलटल्यावर हवा बदलायला लागली. सातपूर, अंबडला कुठे ना कुठे एक गेट बंद झाल्याचं कानावर यायचं. देवळ्याचीच्या नवऱ्याची कंपनी गेली आणि तो टेम्पो चालवायला लागला. आमच्याकडे काही कमी नव्हतं, ऑर्डरी होत्या. पण उत्तरेकडे डोंगरातल्या एका राज्यात नवा कारखाना काढला की सरकार कर माफ करतं, असं ऐकू यायला लागलं. मग एक दिवस दोन अनोळखी माणसं मोजायची टेप घेऊन आली आणि आमच्या टेबलाची लांबी-रुंदी घेऊन गेली. आम्ही काम करतच होतो. टेप माझ्या कोपराला लागली तेव्हा त्यातला एक 'सॉरी मॅडम' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नेहमीसारखे टोकाशी उभे राहिले. म्हणाले, "लोक काहीही बोलतात. आपण कुठेही जात नाही आहोत."

झालं, बायका निवांत झाल्या. कोणीतरी घरून चिवडा आणला होता, तो चहाबरोबर फिरला. मीही निवांत झाले. साहेब खोटं बोलत होते का? मला नाही वाटत. त्या सकाळी त्यांनाही तसंच वाटत असावं.

मग साहेब मुंबईला जायला लागले. गेले की चार-पाच दिवस यायचे नाहीत. आले तरी लाइनवर येईनात. जेवायला कँटीनमध्ये येत ते बंद झालं, डबा केबिनमध्ये जायला लागला. आणि एका सकाळी फळ्यावर सूचना लागली, की दुपारी सगळ्यांनी कँटीनमध्ये जमायचं.

साहेब कागद बघून बोलले. आधी त्यांच्या हातात कधी कागद पाहिला नव्हता. म्हणाले, असेंब्ली नव्या ठिकाणी जाते आहे. इथे फक्त स्टोअर आणि डिस्पॅच राहील. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आहे. आणि मग म्हणाले, "आपण सर्वांनी या योजनेचा शांतपणे विचार करावा. आपण आपल्या घरच्यांशी बोला. आपण जो निर्णय घ्याल तो कंपनीला मान्य असेल."

शब्द तोच होता. पण आजवर तो 'आपण करू', 'आपण बघू' असा यायचा. आज 'आपण बोला', 'आपण घ्याल' झाला होता. मराठीत हा शब्द मोठा सोयीचा आहे. क्रियापदाचं शेपूट बदललं की जवळचा माणूस त्याच शब्दात टेबलापलीकडे जाऊन बसतो, आणि वर आदरही वाढलेला असतो. शेजारी देवळ्याची विचारत होती, "म्हंजे काय म्हनले? लाइन बंद?" मी म्हटलं, "हो, बंद." मला धक्का बसला नाही. काहीच झालं नाही. कँटीनच्या कोपऱ्यात ताटं पालथी घातलेली होती, त्यांतून पाणी गळत होतं, ते मी बघत बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा आला, कपबशीतून. लाइनवर आम्ही स्टीलच्या पेल्यातून प्यायचो. साहेबांचं वजन उतरलेलं दिसत होतं.

"तुमची लाइन अजून गप्प आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांचे अर्ज यायला लागलेत."

मी चहाचा घोट घेतला.

"डिस्पॅचच्या ऑफिसात एक जागा आहे. तुमचं नाव सुचवलंय. पण मुंबईचं म्हणणं असं, की लाइनवर सगळ्यांच्या सह्या व्हायला हव्यात. त्या तुमचं ऐकतात. जबरदस्ती नाही. फक्त समजावून सांगा."

"आणि नाही केल्या तर?"

"तर कंपनी दुसऱ्या मार्गाने बंद करेल. त्यात त्यांच्या हाती याहून कमी पडेल. हे खरं सांगतोय." मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी तरी काय करणार?"

मला तो 'मी' ऐकून कसंतरी झालं. रोज पूर्ण कपड्यांत दिसणारा माणूस अचानक बनियनवर दारात यावा तसं. राग यावा म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली आणि "उद्या बोलते" म्हणून बाहेर आले.

संध्याकाळी घरी मिस्टरांना सगळं सांगितलं. ते मेथी निवडत होते. म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"काही वाटत नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. पोळ्या मी करते."

एरवी ते यावर काहीतरी बोलले असते. त्या दिवशी त्यांनी निवडलेली मेथी पुन्हा एकदा निवडली. नोकरी मला हवी होती, हे स्वच्छ सांगते. घरी बसायची मला धास्ती होती. आणि माझ्या लाइनच्या बायकांना माझ्याविना जाऊ द्यायचं, हेही मला नको होतं. दोन्ही एकाच वेळी हवं होतं आणि तसं होणार नव्हतं, हे पोळ्या लाटताना मला पक्कं कळलं होतं. तरी आतून काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बायकांना लाइनवरच थांबायला सांगितलं. डबे टेबलावरच उघडले. बोलायला उभी राहिले आणि माझी पंचाईत झाली. 'आपण' म्हणावं तर ते खोटं ठरणार, आणि 'तुम्ही' म्हणायला जीभ वळेना. शेवटी दोन्ही टाळून बोलले. सही करावी असं कंपनीचं म्हणणं आहे. नाही केली तर याहून कमी पदरात पडेल, असं साहेब म्हणतात आणि ते मला खरं वाटतं. सगळ्यांनी सह्या केल्या तर मला ऑफिसात ठेवणार आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

ऑफिसातल्या जागेचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण मग पुढे कोणाच्या तोंडाकडे बघता आलं नसतं. कोणाच्या तरी डब्यातलं लोणचं टेबलावर सांडलं होतं, ते एकीने बोटाने पुसलं.

मग देवळ्याची म्हणाली, "तू जरा भाईर थांब. आम्ही बोलतो."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. ट्रे सरकव म्हणावं तसं म्हटलं होतं. पण इतक्या वर्षांत त्या टेबलाशी बसून कोणी 'आम्ही' म्हटलं होतं आणि त्यात मी नव्हते, असं कधी झालं नव्हतं. मी बाहेर गेले.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिले. दाराला काचेची पट्टी होती, तिच्यातून आतलं दिसत होतं. सगळ्या डोकी जवळ आणून बोलत होत्या. ज्या दोघी एकमेकींचं तोंड बघत नसत त्याही शेजारी बसल्या होत्या. एकदा तर सगळ्या हसल्या. देवळ्याची हातवारे करत होती आणि बाकीच्या ऐकत होत्या. छान चाललं होतं त्यांचं. मी नसताना. मी पाणी प्यायले. तहान नव्हती, पण उभं राहून दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. डिस्पॅचच्या बाजूला ट्रक भरत होते, त्यातला एक हमाल मला म्हणाला, "ताई, सुट्टी झाली का?" मी म्हटलं, "नाही अजून."

बऱ्याच वेळाने एकीने दार उघडून आत बोलावलं.

"आम्ही सह्या करतो," देवळ्याची म्हणाली. "पन तू ऱ्हाय."

"मी ठरवलं नाही अजून."

"तू कशाला ठरवती? आम्ही ठरवलं. उद्या कोनाचा पीएफ अडकला, कोनाच्या पोराला नोकरी पायजे, तर जायाचं कोनाकडं? त्या वाचमनकडं? आपलं कोनतरी आत पायजे."

आता मात्र मला राग आला. कालपासून ज्याची वाट पाहत होते तो राग नको त्या माणसांवर आला. "मला विचारायचं तरी," मी ओरडले.

"तुला काय इचारायचं?" ती म्हणाली. "तू लीडर हे."

आणि सगळ्यांनी डबे बंद केले. सुट्टी संपल्याची बेल झाली होती. माझा राग जसा आला तसा गेला. मी लाइनच्या टोकाशी जाऊन उभी राहिले, कारण माझी जागा तिथे होती, आणि ट्रे सुरू झाले.

सह्या झाल्या. शेवटच्या दिवशी साहेब लाइनवर आले, प्रत्येकीला स्टीलचा डबा दिला आणि प्रत्येकीचं नाव घेऊन नमस्कार केला. कागद न बघता. एक-दोघी रडल्या. मला रडू आलं नाही म्हणून एकीने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. काही महिन्यांनी साहेबांनीही कंपनी सोडली. ते कुठे गेले ते मला ठाऊक नाही. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं तर मी अजूनही चांगलंच सांगते, आणि ते खोटं नसतं. माल परत आला त्या दिवशी जो माणूस नाव न सांगता उभा राहिला तो तेच होते, आणि कपबशीतून चहा देणारेही तेच. माझे मिस्टर म्हणतात, यातला खरा कोणता? हा प्रश्न शाळेत ठीक आहे. मला तरी ते दोघं वेगळे वाटत नाहीत.

ऑफिसात मला टेबल मिळालं, पंखा मिळाला. पहिली दोन-तीन वर्षं बायका गेटवर यायच्या. पीएफची कामं, दाखले, एकीच्या मुलाला कुठेतरी नोकरीला चिकटवणं. त्या म्हणाल्या होत्या तसं मी सगळं केलं. मग कामं संपली आणि येणं कमी झालं. येणं कमी झाल्याचंही मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं. रिकामी असेंब्ली शेड ऑफिसच्या खिडकीतून दिसायची. तिथे पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवत. मी खिडकीकडे पाठ करून बसायचे, पण ते उजेडासाठी.

नंतर काही वर्षांनी एका लग्नासाठी देवळ्याला जाणं झालं. देवळ्याचीने नाशिक सोडून गावी घर केलंय, असं कळलं होतं. लग्नघरातून विचारत विचारत गेले. रस्त्याकडेला एका शेडमध्ये बायका बसून कांदा निवडत होत्या, मोठा एकीकडे, लहान एकीकडे, आणि त्यांच्यात फिरत, कोणाला इथून उठवून तिथे बसवत, ही उभी होती. पातळ कमरेला खोचलेलं, आवाज तोच. कांद्याच्या सालींचा ढीग पायात होता. मी तिथूनच तिला हाक मारली.

तिने वळून पाहिलं आणि तिचं सगळं तोंड हसलं. हात पदराला पुसत लगबगीने पुढे आली. मला वाटलं आता मिठी मारेल किंवा निदान शिवी तरी देईल, इतकी वर्षं कुठं मेली होतीस म्हणून. मला त्या क्षणी फार, फार बरं वाटलं.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागे वळून बायकांना म्हणाली, "उठा गं. ह्या आमच्या साहेब. कंपनीतल्या."

मग मला म्हणाली, "तुम्ही कशाला तरास घेतला एवढा? निरोप धाडायचा, मी आले असते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिचा चेहरा नीट पाहिला, शोधून पाहिला, तसं काही नव्हतं. तिला माझा अभिमान वाटत होता. बायका कांदे खाली टाकून उभ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, "अगं, बसा, बसा." त्या बसेनात. मी बसल्याशिवाय त्या बसणार नव्हत्या. शेडमध्ये प्लॅस्टिकची एकच खुर्ची होती, ती देवळ्याचीने पदराने पुसून माझ्यापुढे ठेवली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्चीवर बसले, मग त्या खाली बसल्या.